लाखेचे तीन हात

४ फेब्रुवारी

चि. बारकीस,
अनेक आशीर्वाद.

त-डाड्-डाड्, त-डाड्-डाड्. तुझं पाकीट फोडलं, पहिली ओळ वाचली आणि अडतीस वर्षांपूर्वीचा हा आवाज कानात पुन्हा सुरू झाला. वाळक्या पाचोळ्यावरून कुणीतरी घाईघाईनं चालत जावं तसा. मी चष्मा काढून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. खाली एक बाई सायकलची निसटलेली चेन बसवत होती, समोरच्या गच्चीवर चादरी वाळत होत्या. सगळं जिथल्या तिथं होतं, मीच तेवढा नव्हतो.

तर टपालाचं ते जुनं विमान तुझ्या संग्रहालयात आलं म्हणायचं. आणि वीस एप्रिलला, उद्घाटनाच्या दिवशी, ते पुन्हा उडवणार. इंजिन सुरू केलं की रेडिओवर नुसती तडतड होते, आणि रेडिओ स्वच्छ असल्याशिवाय विमानतळवाले उडू देणार नाहीत. 'मामा, या वायरी तुम्हीच बांधल्या होत्या ना, मग आता तुम्हीच सांगा.' अगं, बांधल्या होत्या. तेव्हा माझ्या डोक्यावर केस होते आणि तू अजून जन्माला यायची होतीस.

ठिणगीचं प्रकरण तुला शिकवायला नको, पण म्हाताऱ्याला बोलायला निमित्त लागतं. प्रत्येक सिलिंडरला दोन प्लग, नऊ सिलिंडर, म्हणजे अठरा वायरी. मॅग्नेटो वीज तयार करतो, डिस्ट्रिब्यूटर ती वाटतो, गुरुजी वर्गात पाट्या वाटायचे तशी, ज्याची त्याला. पण ठिणगी भारी तोंडाळ. पडते इंजिनात आणि ओरडते रेडिओत. म्हणून प्रत्येक वायरीला धातूच्या जाळीचा मोजा घालायचा आणि तो वीत-वीत अंतरावर क्लॅम्पनं इंजिनाच्या अंगाला आवळायचा. ओरडा जाळीत अडकतो, क्लॅम्पवाटे इंजिनाच्या धातूत उतरतो आणि मुरतो. याला आम्ही 'तोंड बांधणं' म्हणायचो.

दुसरं दुखणं उंचीचं. वर हवा विरळ. जमिनीवर शहाण्यासारखी वागणारी वीज वर गेली की डिस्ट्रिब्यूटरच्या झाकणात या खुंटीवरून त्या खुंटीवर उडी मारते. झाकणावर काळी रेघ उमटते, आणि एकदा रेघ उमटली की तीच तिची पायवाट. मग इंजिन खोकायला लागतं. त्यावर माझा स्वतःचा उपाय होता: स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, झाकणाला आतून तीन हात. एक हात द्यायचा, दिवसभर वाळवायचा, मग दुसरा, मग तिसरा. विजेला उडी मारायला जागाच उरत नाही. माझी इंजिनं वर कधी खोकली नाहीत. सगळं वर्कशॉप मला 'रोगणबुवा' म्हणायचं. हे नाव तुझ्या बाबांनी ठेवलेलं.

मला विचारशील तर इंजिनाकडे बघूच नकोस. रेडिओ तपास.

आणि हे पत्र दाजींना दाखवू नकोस. आमचं बोलणं नाही हे तुला ठाऊक आहेच.

तुझा,
मामा

*

१७ फेब्रुवारी

ती. मामांस,
सा. नमस्कार.

रेडिओ तपासला. नवा कोरा आहे, दुसऱ्या विमानात बसवला तर त्यात बातम्या ऐकत जेवता येईल इतका साफ. आपल्या विमानात बसवला की तडतड. आणि मामा, ती तडतड इंजिनाबरोबर चढते-उतरते. इंजिनाचा वेग वाढवला की वाढते, कमी केला की मंदावते. हे मी ओळखलं नाही, आमच्या फोरमननी ओळखलं. ते दिवसाला चार वाक्यं बोलतात, त्यातलं हे एक होतं.

डिस्ट्रिब्यूटरचं झाकण उघडलं. तुमची लाख अजून आरशासारखी चमकते. इतक्या वर्षांत एक काळी रेघ नाही. फोरमननी शिट्टी वाजवली आणि विचारलं, "हे कुणाचं काम?" मी म्हटलं, माझ्या मामाचं. ते म्हणाले, "मामा जिवंत आहेत?" मी म्हटलं, चांगले खणखणीत आहेत.

आता खरी गोष्ट. या विमानासमोर एक फलक लागणार आहे, त्याचा मजकूर काल माझ्या हातात आला. जुन्या चौकशीच्या कागदांतून घेतलाय. 'खाली उतरण्याचं मैदान पाण्यानं भरलं आहे, दुसरीकडे जा, असा संदेश जमिनीवरून तीनदा पाठवला गेला. बिनतारी चालकाच्या हलगर्जीपणामुळे तो ऐकला गेला नाही आणि विमान चिखलात नाकावर आदळलं. वैमानिकाचं गळ्याचं हाड मोडलं.' बाबांचं नाव नाही, पण चालक एकच होता. या एका वाक्यानं त्यांचं उडणं बंद झालं, हे तुम्हाला मी काय सांगायचं. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात उरलेला जन्म गेला. विमान वरून गेलं की अजून हातातलं काम थांबतं, मान मात्र वर होत नाही.

मी बाबांना फलकाबद्दल सांगितलं नव्हतं, पण आईला सांगितलं, म्हणजे तेच झालं. बाबा म्हणाले, "मग मी उद्घाटनाला येणार नाही," आणि पुन्हा चहात बिस्किट बुडवलं.

मजकूर पंधरा एप्रिलला रंगाऱ्याकडे जातो. त्याआधी काही सापडलं तर बदलता येईल. मामा, तुम्ही त्या दिवशी तिथं होतात. तुम्हाला काय आठवतं?

तुमची,
बारकी

*

१ मार्च

चि. बारकीस,
आशीर्वाद.

लाख अजून चमकते हे वाक्य मी चारदा वाचलं. खालच्या मजल्यावरच्या शिंप्यालाही वाचून दाखवलं. तो म्हणाला, "आजोबा, तुमच्या लाखेपेक्षा तुमचं तोंडच जास्त चमकतंय." तुझ्या फोरमनना माझा नमस्कार सांग. चार वाक्यांतलं एक वाक्य माझ्या वाट्याला आलं, हे काही थोडं नाही.

आम्हाला शाळेत कवितेचे एक गुरुजी होते. फळ्यावर लघु-गुरू मांडायचे, मग टेबलावर पट्टी आपटत म्हणायचे, "लगागा लगागा लगागा लगागा, ओळखा वृत्त." मी आधी हात वर करायचो. भुजंगप्रयात, गुरुजी. साप चालावा तसं सरसर जाणारं. बाकीची पोरं गणितात हुशार. मला एवढंच यायचं. वर्कशॉपमध्ये आलो तेव्हा कळलं की इंजिनंही वृत्तात बोलतात. कुठला सिलिंडर आजारी आहे ते मी डोळे मिटून सांगायचो, कारण तिथं यतिभंग व्हायचा. साहेब मला वेडा म्हणायचे आणि माझ्यावाचून त्यांचं पान हलायचं नाही. त्या शेडच्या उंच काचांतून दुपारी तिरपं ऊन यायचं, त्यात लाखेचा वास तरंगायचा. तसा वास मला पुन्हा कुठे आला नाही.

पण तू त्या दिवसाचं विचारलंस. त्या दिवशी ढग होते. काळे, बैलांच्या कळपासारखे. ढगांत वीज असते आणि ती रेडिओत तडतडते, हे कुणीही सांगेल. चौकशीच्या साहेबांनी मला विचारलं, "वायरींचं काम पक्कं होतं का?" मी सांगितलं, "एक वायर ढिली नव्हती, साहेब." ते खरंच होतं. मग त्यांनी विचारलं, "मग आवाज कशाचा?" मी म्हटलं, "आकाशाचा." पुढे त्यांनी काय लिहिलं ते माझ्या हातात नव्हतं. आकाशाचा आवाज कुशल चालक बाजूला सारू शकतो, असं त्यांचं मत पडलं.

तुझी आताची तडतड वेगळी. जाळीचे मोजे इतक्या वर्षांत कुजले असतील. नवी जाळी घाल, आवाज जाईल.

फलकाचं वाईट वाटलं. पण छापील मजकुरापुढे कुणाचं काय चालतं?

मामा

*

१४ मार्च

ती. मामांस,
सा. नमस्कार.

आवाज गेला. रेडिओ आता गप्प असतो, फोरमनसारखा. तुम्ही म्हणालात तसंच झालं: जाळी जुनी होती, बदलली. सत्तावीस क्लॅम्प उघडले, ते जिथं इंजिनावर टेकतात त्या बैठका पॉलिश-पेपरनं घासल्या, त्यातच अर्धा दिवस गेला, बोटांची सालं निघाली. विमानतळवाले येऊन ऐकून गेले आणि उडायची परवानगी देऊन गेले.

तुमचे फार आभार. फलकाचं तुम्ही मनाला लावून घेऊ नका. औषधं वेळेवर घ्या. आई विचारत असते.

तुमची,
बारकी

*

२२ मार्च

बारके,

तुला खोटं लिहिता येत नाही. यात तू आईवर गेली आहेस. ताईनं लहानपणी एकदा माझी फुटकी पाटी लपवली होती आणि 'पाटी कुठाय ते मला माहीत नाही' असं न विचारताच सगळ्या घराला सांगत फिरली होती.

फलकासाठी मला पहिल्यांदा कळवळून लिहिणारी तू, आणि आता 'मनाला लावून घेऊ नका'? आणि जाळी बदलायला बैठका घासाव्या लागत नाहीत. गंज असता तर तू गंजाला चार शिव्या घालून लिहिलं असतंस. अर्धा दिवस घासलंस ते काय होतं, हे तू लिहिलं नाहीस. चार दिवस हे पत्र टेबलावर ठेवून मी त्याच्याभोवती फिरतोय.

ती लाख होती ना?

मीच सांगतो. झाकणाचं काम संपलं तेव्हा डब्यात लाख उरली होती. चांगली वस्तू वाया घालवायची मला सवय नाही. क्लॅम्पच्या बैठका दमट हवेत गंजतात, म्हणून त्यांनाही दिली. तीन हात, कारण दोन हातांवर मी कधी थांबलोच नाही. किती सुरेख दिसत होत्या त्या बैठका, तपकिरी, मधासारख्या. लाखेतून वीज जात नाही म्हणूनच मी ती झाकणात लावत होतो, आणि तीच लाख मी अशा ठिकाणी लावली जिथून ओरडा धातूत उतरायला हवा होता. मी तोंड बांधलं आणि बांधलेल्या तोंडाला वाटच ठेवली नाही.

पण एवढंच असतं तर ती चूक झाली असती, आणि चूक माणसाकडून होते. पुढचं आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

अपघाताच्या चार दिवस आधी दाजींनी मला विमानात बोलावलं. इंजिन अगदी मंद चालत होतं, आता बंद पडेल असं. त्यांनी आपले कानावरचे फोन काढून माझ्या कानावर ठेवले आणि म्हणाले, "ऐका मेहुणे, तुमची कविता." मी ऐकलं. त-डाड्-डाड्. त-डाड्-डाड्. लगागा, लगागा. बारके, ढगांना वृत्त येत नाही. जगातल्या कुणालाही फसवता आलं असतं, मला नाही. मी त्याच क्षणी ओळखलं की हा आवाज माझ्या वायरींचा आहे. आणि मी हसून म्हणालो, "दाजी, तुमचं यंत्र रसिक दिसतंय." उद्या बघू म्हटलं. तो उद्या उजाडला तर विमान दुसऱ्या फेरीवर गेलं, मग परवा झाला, मग तो दिवस आला.

चौकशीच्या आधी विमान आमच्याच शेडमध्ये पडून होतं. एक स्क्रू फिरवला असता तर दिसलं असतं. मी रोज त्याच्या बाजूनं जायचो आणि पाना उचलायचो नाही. उघडलं नाही म्हणजे ठाऊक नाही, आणि ठाऊक नाही म्हणजे मी खोटं बोललो नाही. अशा हिशोबावर माणूस अडतीस वर्षं काढू शकतो, हे मी करून दाखवलं.

आता तू सरळ लिही. लाख होती का?

मामा

*

२९ मार्च

ती. मामांस,
सा. नमस्कार.

होती. सत्तावीसच्या सत्तावीस बैठकांवर.

पहिला क्लॅम्प उघडला तेव्हाच कळलं. फोरमननी नखानं खरवडून बघितलं आणि या वेळी शिट्टी वाजवली नाही. "तुझ्या मामाला लिहिणार?" म्हणाले. मी म्हटलं, नाही. मला वाटलं, तुम्ही आता सत्तरी ओलांडलेली, एकटे राहता, त्या झाकणातल्या लाखेनं इतके खूश झालात. ती खुशी का काढून घ्यायची? आणि दुसरीकडे फलक. मी दोन्हीकडून चिमटीत सापडले होते. शेवटी तुम्हाला वाचवलं आणि बाबांच्या डोळ्याला डोळा देईनाशी झाले. आई म्हणाली, "काय गं, नजर चोरतेस?" मी म्हटलं, डोळ्यात कचरा गेलाय. दोन आठवडे कचरा.

बाबांना मी काही सांगितलेलं नाही आणि सांगणार नाही. ते तुमच्या तोंडून जायला हवं, माझ्या नाही. आमच्या संग्रहालयाच्या प्रमुख बाईसाहेब म्हणतात, ज्या कारागिराचं काम होतं त्यानं स्वतः सही करून लिहून दिलं तर मजकूर बदलता येईल. फोरमननी बैठकांचे फोटो काढून ठेवलेत. पंधरा तारीख लक्षात असू द्या.

मामा, मी तुमच्यावर रागावलेली नाही. थोडी रागावले होते. आता नाही.

तुमची,
बारकी

*

३ एप्रिल

ती. दाजींस,
सा. नमस्कार.

तुम्हाला पत्र लिहायला बसलो आणि पहिल्याच शब्दावर पेन अडलं. अडतीस वर्षांत 'दाजी' हा शब्द मी कागदावर लिहिला नव्हता.

त्या दिवशी तुमच्या कानात जी तडतड होती ती आकाशाची नव्हती. ती माझी होती. जाळी आवळणाऱ्या क्लॅम्पच्या खाली मी लाख लावली होती, त्यामुळे जाळीला इंजिनाचा स्पर्शच होत नव्हता. तुमच्या मुलीनं गेल्या महिन्यात ती खरवडली आणि रेडिओ गप्प झाला. तुमच्या हातून काही चुकलं नव्हतं. असल्या गोंगाटातून तीन काय, तीस वेळा पाठवलेला संदेशही कुणाला ऐकू आला नसता.

आणखी एक. तुम्ही मला ऐकवलं होतंत. मी ऐकलं होतं आणि मला कळलं होतं. चौकशीत मी ते बोललो नाही. नवी नोकरी होती, साहेबांची शाबासकी होती, आणि माझ्या कामाला कुणी नाव ठेवावं हे मला सहन होणार नव्हतं. तुमचं आकाश गेलं आणि माझी शाबासकी राहिली.

संग्रहालयासाठीही वेगळा कागद लिहिला आहे. त्यात एवढंच आहे: दोष वायरींच्या बांधणीत होता, बांधणी मी केली होती, चालक निर्दोष होता. खाली सही आणि तारीख. शिंप्याची साक्ष घेतली आहे. तो कागद आजच बारकीकडे रवाना केला.

माफी मागण्याचा मला हक्क नाही, पण दुसरं काय मागू हे सुचत नाही. ताईला नमस्कार.

तुमचा,
मेहुणा

*

१२ एप्रिल

रा. रोगणबुवांस,

पत्र पोचलं. संग्रहालयाचा कागदही पोचला. फलक बदलतो आहे. आभार.

मी बिनतारी चालक. लांबण लावायची सवय नाही. तीन गोष्टी लिहितो.

एक. आवाज वायरींचा आहे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. वेगाबरोबर चढणारा आवाज ढगांचा नसतो. कारण ठाऊक नव्हतं, ते आता कळलं. लाख. माझ्या डोक्यात सगळं आलं होतं, हे आलं नव्हतं.

दोन. चौकशीत त्यांनी विचारलं, आवाज आधीपासून होता तर नोंदवहीत का लिहिला नाही? मी उत्तर दिलं नाही. त्याला त्यांनी हलगर्जीपणा म्हटलं. नोंदवहीत लिहिलं असतं तर विमान थांबलं असतं आणि तुम्हाला बोलावणं आलं असतं. तुम्हाला नोकरीला लागून सहा महिने झाले नव्हते. तुमची ताई मला रोज विचारायची, माझ्या भावाचं कसं चाललंय. म्हणून लिहिलं नाही. तुमच्या कानात घातलं, म्हटलं गपचूप दुरुस्त कराल. हे मी तिलाही आजवर सांगितलं नव्हतं.

तीन. राग होता तो आकाश गेल्याचा नव्हता. मी तुमच्यासाठी गप्प बसलो आणि तुम्ही माझ्या विरुद्ध गप्प बसलात, त्याचा होता. तो इतका जुना झालाय की काढून टाकला तर त्या जागी काय ठेवायचं कळत नाही.

तुमच्याकडे येण्याबद्दल मुलगी म्हणत होती. मी येणार नाही. तुम्हीही येऊ नका. दोन म्हातारे समोरासमोर बसून काय बोलणार? इति.

दाजी

ता. क. : भाऊ, मी ताई. यांनी हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहिलं, आणि मग पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणजे मी वाचणार हे ठाऊक असूनच. दुसरा मुद्दा वाचून मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. अडतीस वर्षं मी या माणसाला म्हणत होते, तुम्ही माझ्या भावाचं कधी चांगलं बघितलं नाहीत. तू जेवत जा वेळेवर.

*

२४ एप्रिल

ती. दाजींस,
सा. नमस्कार.

तुम्ही येऊ नका म्हणालात, लिहू नका म्हणाला नाहीत. म्हणून लिहितोय.

बारकीची तार आली: 'उडालं. रेडिओ साफ. फलक नवा. बाबा आले होते.' शेवटचे तीन शब्द वाचून मी तार उलटी करून पाहिली, मागे आणखी काही लिहिलंय का. तारेच्या मागे काय लिहिलेलं असणार? पण बघितलं. तुम्ही कुठे उभे होतात, वर बघितलंत का, यातलं काही तिनं कळवलं नाही. ती आता तुमच्यासारखी मोजकी लिहायला लागली.

मला आमंत्रण होतं. बूट पुसून दाराशी ठेवले होते. तिकीट काढायला गेलो आणि रांगेतून परत आलो. तुमच्यासमोर उभं राहायची छाती झाली नाही.

तुमचं पत्र आल्यापासून मी त्या दुसऱ्या मुद्द्यापाशीच बसलो आहे. मी समजत होतो की मी एक गोष्ट लपवली आणि तुम्ही तिची शिक्षा भोगली. तुम्हीही लपवली होतीत, आणि ती माझ्यासाठी. आमचे गुरुजी म्हणायचे, कविता पाठ झाली म्हणजे कळली असं नाही. ते तुमचं 'ऐका मेहुणे, तुमची कविता' मला अडतीस वर्षं पाठ होतं. मला वाटायचं तुम्ही चिडवताय. तुम्ही मला वाचवत होतात, हे आत्ता कळलं.

दोन म्हातारे समोरासमोर बसून काय बोलणार, असं तुम्ही विचारलंत. मी त्याचाच विचार करतोय. हवापाण्याचं बोलतील. गुडघ्यांचं बोलतील. तुम्ही मला विचाराल की मी अजून लाख लावतो का, आणि मी सांगेन की परवाच खिडकीच्या चौकटीला लावली. तुम्ही विचाराल, किती हात? तेव्हा मी काय उत्तर द्यावं हे ठरत नाहीये. एका वाक्यात

थांबा. खाली टॅक्सी थांबली आहे. माझ्या खिडकीतून आधी तिचा टपच दिसला. मागचं दार उघडलं, कुणीतरी फार सावकाश उतरतंय. आधी हातातली काठी, मग एक पाय, मग बराच वेळ काहीच नाही. टॅक्सीवाला हात द्यायला पुढे आला आणि त्याला झिडकारलं गेलं. टक्कल आहे. मला वरून ओळखता येत नाही.

आता त्यानं मान वर केली. मजले मोजतोय.

दाजी, ते तुम्ही आहात. ताई सोबत नाही, म्हणजे तिलाही न सांगता निघालात. शिंप्याचा आवाज येतोय, "कोण हवंय आजोबा?" आणि तुम्ही काय म्हणालात ते मला ऐकू आलं नाही, पण तो जोरात हसला.

पायऱ्या बऱ्याच आहेत. तुम्ही चढेपर्यंत हे पत्र पुरं होईल असं वाटलं होतं, पण अक्षर वेडंवाकडं येतंय. तुम्हाला लिहिलेलं पत्र तुमच्याच हातात देऊ, की फाडून टाकू?

काठी दाराशी थांबली. पेन ठेवतो.